'मला सांगितलं ते मी केलं' म्हणायची वेळ येऊ नये म्हणून काय करायचं

हे वाचताना हिटलर डोळ्यासमोर आणू नका. हॅम्बुर्गचा एखादा गोदी कामगार नाहीतर ट्रक ड्रायव्हर आणा, चाळिशीच्या आसपासचा, बायकापोरं असलेला. नाझी जर्मनीची राखीव पोलीस बटालियन 101 अशाच जवळजवळ 500 जणांची होती. 13 जुलै 1942 ला पहाटे पोलंडमधल्या युझेफुफ गावाशी त्यांना ट्रकमधून उतरवलं आणि त्यांचा प्रमुख मेजर ट्रॅपने रडवेल्या आवाजात ऑर्डर सांगितली, की ज्यू गोळा करा, धडधाकट पुरुष कामाला वेगळे काढा, बाकी बायका, मुलं, म्हातारे सगळ्यांना गोळ्या घाला. वर म्हणाला, वयाने मोठे आहेत त्यातल्या ज्याला झेपणार नाही त्याने पुढे यावं. फक्त दहाबारा जण पुढे आले. रात्रीपर्यंत जंगलात सुमारे 1500 माणसं मारली. पुढे आलेल्यांना ना गोळी ना जेल, फक्त आपापल्या बंदुका परत द्यायला लावल्या, हे कृपा करून लक्षात ठेवा.

म्हणून नकाराचं वाक्य आजच ठरवून ठेवा, कारण विचार करायला वेळच मिळाला नाही असं गोळ्या झाडणाऱ्यांतले कित्येक जण नंतर चौकशीत म्हणाले. सवय छोट्या जागी करायची, म्हणजे सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी एखाद्या समाजाला किडेमुंग्या म्हटलं की तिथेच लिहायचं, 'हे बरोबर नाही'. रवांडात 1994 मध्ये रेडिओवरून तुत्सी समाजाच्या लोकांना झुरळं म्हणत होते, आणि शेजाऱ्यांनी शेजारी मारले.

कामाचे तुकडे पडायला लागले की सावध व्हा. बटालियनला पुढे पुढे बऱ्याचदा लोकांना फक्त रेल्वेच्या डब्यात कोंबायचं काम मिळायचं, मरण लांब त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत, डोळ्याआड, आणि मग ते त्यांना सोपं जायला लागलं. अशी किमान 45000 माणसं त्यांनी गाडीत चढवली. तेव्हा तुमच्या हातून गेलेली यादी, सही, चावी पुढे कुठे जाते ते विचाराच.

सुरुवात झाली म्हणून अडकलो असंही नसतं हो, त्या दिवशी काही जण गोळ्या झाडता झाडता मध्येच सुटका मागून बाजूला झाले. आणि 'मी कच्चा आहे' म्हणून सुटण्यापेक्षा 'हे चूक आहे' म्हणा, बाजूच्यालाही ऐकू जाऊ दे. नाहीच धीर झाला तर 'मी कच्चा आहे' तरी म्हणा, पण हात काढून घ्या.

त्या पहाटे युझेफुफला सगळ्यात आधी पुढे आला तो एकटाच होता, त्याचा कॅप्टन त्याच्यावर भडकला, ट्रॅपने कॅप्टनला गप्प केलं आणि मग बाकीचे दहाबारा निघाले. पहिलं होणं जमलं नाही तर निदान असा कुणी उठला की लगेच त्याच्या बाजूला जाऊन उभे राहा.