ई-बाईकवर मुळशी: पाणी बघून दिवसाउजेडी घरी कसं परतायचं

पुण्याहून मुळशीच्या पाण्यापर्यंत इलेक्ट्रिक स्कूटरवर मी आत्तापर्यंत तीसेक वेळा तरी गेलो असेन. पहिल्या दोन वेळा फजिती झाली. त्यानंतर झाली नाही, आणि त्यात नशिबाचा काही भाग नाही. तरीही कुणी विचारलं की चारचौघं तेच सल्ले देतात: "घाट आहे, जमणार नाही", "पेट्रोलची गाडी घेऊन जा", नाहीतर दुसऱ्या टोकाचं "कंपनी दीडशे किलोमीटर म्हणतेय ना, मग काळजी कसली". तिन्ही सल्ले देणाऱ्यांनी गाडी बहुतेक कोथरूड ते डेक्कन एवढीच चालवलेली असते.

गाडीबद्दल एकच गोष्ट. ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या, लायसन्स-पासिंग न लागणाऱ्या छोट्या ई-बाईक असतात, त्या या सहलीसाठी नाहीत. हिरव्या नंबरप्लेटची, ३ युनिट (किलोवॉट-तास) किंवा त्याहून मोठ्या बॅटरीची गाडी हवी. हवा, ब्रेक, कागदपत्रं, हेल्मेट हे सांगत बसत नाही. चार्जर मात्र डिकीत टाकाच. "जाऊन तर यायचंय" म्हणत तो घरी ठेवणाऱ्यांना मी स्वतः बघितलंय, कारण पहिल्या वेळी मीच तो होतो.

कधी जायचं

सप्टेंबर संपता संपता ते डिसेंबर. धरण भरलेलं असतं, डोंगर अजून हिरवे असतात, धबधब्यांची गर्दी ओसरलेली असते. जुलै-ऑगस्टमधल्या रविवारी जाऊ नका. ताम्हिणीच्या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात उभं राहून सृष्टिसौंदर्य बघता येत नाही. गुरुवारही टाळा. आपल्याकडे महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात, आणि जेवायला बसल्यावर गाडी चार्जिंगला लावायला बोर्डात लाईट नसली तर तुमचा अख्खा हिशोब कोसळतो.

निघणं

सकाळी साडेसहाला घर सोडायचं, सातच्या आत भूगाव पार करायचं. सातनंतर भूगावात काय होतं ते तिथून रोज ऑफिसला जाणाऱ्याला विचारा. चांदणी चौकात नवे पूल झाल्यापासून पाट्या नीट वाचा, नाहीतर मुळशीऐवजी मुंबईच्या दिशेला लागाल आणि पुढच्या वळणापर्यंत फुकट किलोमीटर जळतील. मग भूगावचा मानस तलाव, भुकूम, पिरंगुटचा छोटा घाट, पिरंगुट, घोटावडे फाटा, पौड. रस्ता सरळ आहे, चुकायला जागा नाही.

पौडला थांबणं

हा थांबा चहासाठी आहे असं सगळे समजतात. चहा घ्याच, पण खरं काम वेगळं आहे, आणि सहल फसते ती इथं ते न केल्यामुळे.

आधी माझी फजिती सांगतो. पहिल्याच वेळी, नवीन गाडी, मागे बायको, आणि डॅशबोर्डवर ठळक आकड्यात 'अजून इतके किलोमीटर जाईल' हा भरवसा. जेवणाच्या ठिकाणी पोचलो तेव्हा आकडा होता ६२. घर ४७ किलोमीटर. पंधरा किलोमीटर हातात आहेत म्हणून मी निवांत पिठलं-भाकरी खाल्ली, वर तास-दीड तास पाण्याच्या काठाला बसलो. परतताना पौडपर्यंत रस्ता मोकळा मिळाला, ऊन कललं होतं, घरी लवकर पोचू म्हणून मी कान (अ‍ॅक्सिलरेटर) पिळला. पिरंगुटला आलो तेव्हा ते ६२ कुठल्या कुठे गेले होते आणि बॅटरी होती ८ टक्के. बॅटरी इतकी उतरली की गाडी आपणहून ताकद कमी करते. त्यामुळे पिरंगुटच्या चढाला गाडी ताशी वीसच्या वर जाईना, मागे खडीचे डंपर आणि कंपन्या सुटल्यावरच्या बसेस. शेवटी बायको उतरली आणि कडेकडेनं चालत निघाली. मी तिच्याच वेगानं शेजारून. खिंडीपर्यंत दोघंही काही बोललो नाही. भुकूमला एका ओळखीच्यांकडे गाडी लावली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी मी पीएमपीनं येते."

तेव्हा मला वाटलं, घाटानं बॅटरी खाल्ली. सगळ्यांना तसंच वाटतं. घरी येऊन कागदावर मांडलं तर निघालं भलतंच. गाडी आणि आम्ही दोघं मिळून धरा २६० किलो. एवढं वजन १०० मीटर उंच न्यायला ७० वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा लागते. मोटारीतली गळती धरली तर ८५. तीन युनिटच्या, म्हणजे ३००० वॉट-तासांच्या बॅटरीत हे तीन टक्केसुद्धा होत नाहीत. पिरंगुटसारख्या घाटानं बॅटरी संपत नाही.

खरा चोर सपाटीला आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४५ चा वेग ६५ वर नेला की तो दुपटीहून जास्त होतो. पौड ते धरणाजवळचं माले गाव हा रस्ता मोकळा आणि मोहात पाडणारा, तिथं माणूस ६५-७० नं जातो आणि घाटाला शिव्या देतो. माझ्याच गाडीचा अनुभव: ४५ नं गेलं तर किलोमीटरला ०.८५ टक्के जातात, ६५ नं गेलं तर १.२ च्या पुढे. डॅशबोर्डवरचा किलोमीटरचा आकडा हा तुम्ही नुकतीच कशी चालवलीत त्यावरून बांधलेला अंदाज असतो. पुढे तुम्ही कान पिळणार आहात हे त्याला माहीत नसतं. त्याच्याकडे बघूच नका. टक्के बघा.

तर पौडला करायचं ते हे. घरून निघताना बॅटरी पूर्ण आणि ट्रिप मीटर शून्यावर. पौडला चहा येईपर्यंत दोन आकडे बघा: किती किलोमीटर झाले, किती टक्के उरले. कोथरूड डेपोच्या बाजूनं निघालात तर पंचवीस-सव्वीस किलोमीटर झालेले असतात.

७७ टक्के किंवा जास्त उरले असतील तर निर्धास्त पुढे जा. ७२ ते ७७ च्या मध्ये असाल तर जेवताना चार्जिंग करावंच लागेल, आणि पौडपासून वेग ४५. ७२ च्या खाली असाल तर मालेच्या पुढे जाऊ नका; तिथल्या तिथे पाणी बघा, खा, परत फिरा. हे आकडे माझ्या गाडीचे आणि ९४ किलोमीटरच्या फेरीचे आहेत. तुमचं घर हडपसरला असेल तर गणित तुम्हीच मांडा: पौडपर्यंत गेलेले टक्के भागिले किलोमीटर, गुणिले पूर्ण फेरीचे किलोमीटर, आणि आलेल्या उत्तराच्या वीस टक्के आणखी राखून ठेवायचे; ही बेरीज शंभरच्या आत बसली पाहिजे. परतताना पिरंगुटच्या पायथ्याशी पंचवीस टक्के असलेच पाहिजेत. घाटाला लागतात म्हणून नव्हे. त्या चढाला गाडीनं ताकद आवरती घेतलेली नको म्हणून.

"इको मोड टाकला की झालं" असं सांगणारे भेटतील. इको मोडनं फायदा होतो तो मुख्यतः वेग आवरला जातो म्हणून. मनगट आवरता येत असेल तर मोड कुठलाही चालतो.

पाणी

पौडनंतर माले, आणि थोड्याच वेळात उजव्या हाताला झाडांमधून पाणी दिसायला लागतं. इथून गाडीचा आवाज नसण्याचं खरं सुख आहे. थांबलं की लगेच सगळं ऐकू येतं: काठाला लागणारं पाणी, बगळा उडताना होणारी फडफड, लांब कुठंतरी म्हशीच्या गळ्यातली घंटा. याच शांततेचा एक तोटाही आहे. म्हशींना तुम्ही आलेलं कळत नाही. वळणावर भोंगा वाजवा, संकोच करू नका.

पाण्यात उतरायचं नाही. काठ सरळ खोल जातो, आणि गाळात पाय रुतला की पोहता येण्याचा उपयोग नसतो.

काठावर बसल्यावर एक गोष्ट मला दर वेळी आठवते. हे तळं विजेसाठीच झालेलं आहे. मुळा नदी इथं टाटांनी अडवली ती मुंबईला वीज द्यायला. ज्यांच्या जमिनी जाणार होत्या त्या मुळशीतल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह सुरू केला, पुढची तीन वर्षं तो चालला, आणि पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते इथं. धरण झालंच. नदी पूर्वेला पुण्याकडे वाहणारी, पण धरणाचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला कोकणात भिऱ्याला उतरतं, तिथं वीज होते, आणि तेच पाणी पुढे कुंडलिका नदीत जातं. कोलाडला राफ्टिंग करून आला असाल तर या तळ्याच्या पाण्यावरच तरंगून आलात. आणि इथल्या वाड्यांवर पावसाळ्यात लाईट जाते ती अजूनही जातेच.

जेवण आणि चार्जिंग

'घरगुती जेवण मिळेल' अशा पाट्या रस्त्याभर आहेत. मोठ्या रिसॉर्टच्या मागे लागू नका. जेवण कुठलंही मागवा, भात मात्र सोडू नका. हा इंद्रायणी-आंबेमोहोराचा मुलूख आहे.

चार्जिंगचं आधी विचारायचं, ताट आल्यावर नाही. मी जिथं जातो तिथला संवाद ठरलेला आहे.

"मावशी, गाडी लावू का जरा?"

"लाव की. पर मिक्सर होऊ दे माझा."

मिक्सर होईपर्यंत थांबायचं, कारण तिच्या स्वयंपाकघराची अख्खी वायरिंग एकाच फ्यूजवर असते. तसंही गाडी आल्या आल्या चार्जिंगला लावू नये, बॅटरी वीस-पंचवीस मिनिटं निवू द्यावी. गाडी सावलीत लावा, पाऊस असेल तर चार्जर पडवीच्या आत. गाडी भिजली तर चालते, चार्जर भिजून चालत नाही.

दुसरी फजिती इथली. दुसऱ्या एका ठिकाणी मी चार्जर एक्स्टेंशन बोर्डात खोचला आणि निवांत जेवायला बसलो. ताक पिताना जळकट वास आला. जाऊन बघतो तर प्लग हात लावू देईना, आणि पितळी पिनेवर काळा डाग. चार्जर साडेसातशे वॉटचा, म्हणजे पाच अँपिअरच्या पॉईंटला तसा झेपणारा. पण पॉईंट ढिला होता, पीन नीट धरत नव्हती, आणि ढिल्या जोडावर उष्णता साठते. तेव्हापासून नियम: एक्स्टेंशन नाही, भिंतीतलाच पॉईंट, शक्यतो फ्रिजचा किंवा मोटारीचा मोठा. प्लग लावून दहा मिनिटांनी परत येऊन हात लावून बघायचा. कोमट चालेल. चटका बसला तर काढा.

दीड तासात एक युनिटच्या जवळपास वीज जाते, म्हणजे तीन युनिटच्या बॅटरीत तीस टक्क्यांच्या आसपास भर पडते. परतीला तेवढी पुष्कळ होते, शंभर टक्क्यांच्या हट्टाला पेटू नका. शेवटचे वीस टक्के रेंगाळत भरतात आणि तोवर अंधार पडतो. पैसे न विचारता द्या. मी पन्नास देतो. विजेचे त्याच्या पाव भागही होत नसतील, पण पुढच्या हिरव्या पाटीवाल्याला ती 'नाही' म्हणणार नाही यासाठी ते असतात. माझ्यानंतर आलेल्या एकानं फुकट लावून वर किरकिर केली, त्यानंतर महिनाभर मलाही तिनं पॉईंट दिला नव्हता.

परत

चारला निघा. साडेचार म्हणजे पाच होतात आणि पाच म्हणजे पिरंगुटला कंपन्यांची सुट्टी. पौडपर्यंत ४५, रस्ता कितीही मोकळा असला तरी. मागचे भोंगे वाजवतील, वाजवू द्या. उतारावर कान पूर्ण सोडा. त्यानं बॅटरी भरून निघते म्हणतात तेवढी भरत नाही, पण खर्च तरी थांबतो. पिरंगुटला एकदा टक्के बघा. पंचवीस असतील तर पुढे बघायची गरज नाही. नसतील तर तिथंच चहा, आणि चार्जिंगसाठी अर्धा तास. चांदणी चौकाचा चढ अजून बाकी असतो, आणि तो लोक कायम विसरतात.

घरी आल्यावर लगेच प्लग लावू नका, गाडी तासभर निवू द्या. डिकीतला चार्जर मात्र लगेच काढा. त्याच्याखाली मावशींनी पेपरात बांधून दिलेला ठेचा असतो.