मॉडेलवरचा रंग काढताना थिनर नको

सांगलीत हार्डवेअरच्या दुकानात 'रंग काढायचाय' म्हटलं की हातात थिनरची बाटली येते. प्लास्टिकच्या मॉडेलला ती लावू नका. विमानं, रणगाडे यांच्या जोडून बनवायच्या या छोट्या मॉडेलचे भाग बहुतेक पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे असतात. थिनरने किंवा ॲसिटोनवाल्या नेलपॉलिश रिमूव्हरने ते विरघळतात, आणि त्यांवरचे बारीक रिव्हेट (खिळ्यांच्या डोक्यांसारखे ठिपके) एकदा गेले की गेलेच.

ॲक्रिलिक रंगासाठी मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. ते नसेल तर घरातलं डेटॉल, पण पाणी न घालता. झाकणाच्या बरणीत भाग रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी जुन्या मऊ टूथब्रशने घासा. खरी चूक इथेच होते: डेटॉलमधून काढलेला भाग लगेच नळाखाली धरला की सुटलेला रंग चिकट होऊन खाचांत बसतो. आधी ब्रश डेटॉलमध्येच बुडवून सगळा रंग काढा, मग भांड्यांचा साबण, मग पाणी.

कॉकपिटचं पारदर्शक झाकण मात्र अल्कोहोलात टाकू नका, त्याला बारीक तडे जाऊ शकतात. पहिल्यांदा करताना, प्लास्टिकच्या ज्या चौकटीला जोडलेले भाग तोडून घेतले तिचाच तुकडा बुडवून पाहा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि हे काम स्वयंपाकघरात गॅसजवळ अजिबात नको.