म्हाताऱ्या कुत्र्याचा हिवाळा: सकाळी उठवण्यापासून रात्री निजवण्यापर्यंत

थंडी पडली की म्हाताऱ्या कुत्र्याच्या घरी सल्ल्यांची रांग लागते. स्वेटर घाला, चमचाभर ब्रँडी पाजा, हळदीचं दूध द्या, पायांना बाम चोळा. यातल्या स्वेटरनं काही बिघडत नाही, बाकीच्यांनी बिघडतं. दारू कुत्र्याला विषारी असते, थोडीसुद्धा. बाममधला कापूर आणि निलगिरी तो चाटून पोटात घेतो, आणि तेही त्याला बाधतं. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दूध नीट पचत नाही. ज्याला धड उठता येत नाही अशा कुत्र्याला जुलाब लागले की त्याचे फार हाल होतात. एवढं सगळं होतं, पण तो ज्या गोष्टीनं खरोखर बेजार असतो तिच्याकडे कुणी बघत नाही: सकाळी त्याला उठता येत नाही, आणि उठलाच तर फरशीवर पाय ठरत नाहीत.

मी नाशिककडची. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी आमच्याकडे जवळपास दर हिवाळ्यात येते. घरात तेरा वर्षांची लॅब, म्हणजे लॅब्रॅडॉर, आहे, राणी. तिच्याआधीची गावठी कुत्रीही याच घरात म्हातारी झाली. लॅबसारखं मोठं कुत्रं सात-आठ वर्षांचं झालं की म्हातारपणाकडे झुकतं, पामेरियनसारखं छोटं दहाच्या पुढे. त्या वयाचं कुत्रं घरात असेल तर पुढची तयारी दिवाळीच्या सुमारास झालेली असावी.

आधी फरशी

म्हातारपणी कुत्र्याच्या मागच्या मांड्यांचं मांस उतरतं. हात फिरवून बघा, पुढच्या खांद्यापेक्षा मांडी हाताला चपटी लागते. अशा पायांनी तो गुळगुळीत टाइलवर उभा राहायला जातो, नखं रोवू बघतो, नखं टाइलवर नुसती खडखडतात आणि मागचे पाय दोन बाजूंना फाकतात. असं दोन-चारदा झालं की तो उठायलाच घाबरतो. लघवी तुंबवून पडून राहतो. मग घरातले म्हणतात, आळशी झालाय. आळशी वगैरे काही नाही, त्याला पडायची भीती बसलेली असते.

अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत पाय न घसरणारा सलग पट्टा घाला. योगा मॅट उभी कापून दोन पट्ट्या केल्या की स्वस्तात काम होतं. सतरंजी, पायपुसणी, गोणपाट ही स्वतःच टाइलवर सरकतात, त्यामुळे खाली रबराची जाळी घातल्याशिवाय वापरू नका. मध्ये वीतभरसुद्धा उघडी फरशी सोडू नका. राणी नेमकी तिथे येऊन थांबते आणि पुढचा पाय उचलून परत मागे घेते. नखं कापलेली हवीत, आणि पंजाखालच्या मऊ गाद्यांमध्ये वाढलेले केसही. या केसांवर कुणी बोलत नाही, पण गादी जमिनीला टेकूच दिली नाही तर मॅटचा उपयोग काय? कुत्र्यासाठी मिळणारे मोजे मला पसंत नाहीत. तळाला रबर नसेल तर ते टाइलपेक्षा वाईट, आणि रबर असेल तरी थोड्या वेळात फिरून वरच्या बाजूला येतात.

अंथरुणासाठी चार इंचांचा घट्ट फोम घ्या. मूठ दाबली की खालची जमीन लागता कामा नये. फार मऊ गादीत तो रुततो आणि उठताना जास्त झटतो. वर जुन्या लुगड्याची गोधडी, मध्ये प्लास्टिक. काही म्हाताऱ्या माद्यांना झोपेत लघवी होते, आणि ओल्या गोधडीइतकं गार दुसरं काही नसतं. गोधडी रोज उन्हात टाका. अंथरूण दाराच्या फटीतून वारा येतो ती जागा सोडून कुठेही चालेल.

सकाळचं उठणं

सगळ्यात जास्त वेळ मला हेच जमायला लागला, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात. पुढचे पाय धरून ओढा म्हणतात, गळ्यातल्या पट्ट्याला धरून उभं करा म्हणतात, बिस्किट दाखवा म्हणजे आपोआप उठेल म्हणतात. कुत्र्याचं साधारण साठ टक्के वजन एरवीही पुढच्या पायांवर असतं. मागचे पाय दुबळे झाले की तो आणखी भार पुढे घेतो. म्हणजे जे पाय त्याला सांभाळतायत तेच तुम्ही ओढताय. पट्ट्यानं मान आणि गळा आवळतो. बिस्किटासाठी तो तयारी नसताना झटका देऊन उठतो आणि घसरतो. शेपटी धरून उचलणारेही पाहिलेत. शेपूट पाठीच्या कण्याचाच भाग आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

सांधेदुखीचा कुत्रा रात्रभर एका कुशीवर पडला की सांधे आखडतात आणि गारठ्यानं स्नायूही ताठ होतात. थोडी हालचाल झाली की ते सैल पडतात. त्यामुळे हालचाल आधी आणि उभं राहणं नंतर. हा क्रम उलटा केला की कुत्राही कण्हतो आणि तुमची कंबरही जाते.

त्याला मागून जाऊन हात लावू नका. या वयात बऱ्याच कुत्र्यांना ऐकू येत नाही, ती दचकून उठतात किंवा चावायला वळतात. समोरून जा, तळहात नाकासमोर धरा, वास येऊ द्या, डोळे उघडू द्या.

मग शेक. गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून मांडीवर आणि खुब्यावर दहा मिनिटं. आधी ती स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला मिनिटभर धरून बघा. हात काढून घ्यावासा वाटला तर ती त्यालाही गरम आहे, आणि त्याला बाजूला सरकता येत नाही. म्हणून पिशवी ठेवून चहा करायला जाऊ नका, धरून बसा. विजेचं हीटिंग पॅड मी घरात आणत नाही, त्यानं भाजतं आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. सांधा सुजून गरम लागत असेल तर शेक देऊच नका, डॉक्टरांना दाखवा.

शेकून झालं की वरच्या बाजूचा मागचा पाय हातात घ्या, एक हात गुडघ्याखाली, दुसरा घोट्याजवळ. सहज जाईल तेवढाच दुमडा, सहज येईल तेवढाच सरळ करा. आठ-दहा वेळा, सावकाश. डोळे त्याच्या तोंडावर ठेवा. दुखलं तर तो ओरडेलच असं नाही, पण मान वळवून तुमच्या हाताकडे बघतो, जिभेनं ओठ चाटतो. तिथे थांबा. मग कूस बदलून दुसरा पाय.

आता त्याला छातीवर बसता करा, पुढचे कोपर जमिनीला टेकलेले. कुशीवरून छातीवर येताना एक मागचा पाय जवळजवळ नेहमीच बाहेर फेकलेला राहतो. बघायची जागा हीच. पाय तसाच असताना माणसं उचलायला जातात, तो पाय आणखी लांब सरकतो आणि कुत्रा धपकन बसतो. आधी तो पाय हातानं खुब्याखाली आणा, पंजा सपाट मॅटवर ठेवा, गाद्या टेकल्यात का बघा. दुसराही तसाच. त्याचं पोट तुमच्या हाताला लागेल इतकं जवळ बसा. घाई करू नका.

आंघोळीचा टॉवेल लांबट घडी करून पोटाखालून घाला, अगदी मागच्या मांड्यांच्या पुढे. नर असेल तर किंचित पुढे, लघवीची जागा दाबली जाऊ नये. दोन्ही टोकं पाठीवर एकत्र धरा, स्वतःचे गुडघे वाकवा, कंबर वाकवू नका. आणि थांबा. तो आधी पुढून उठेल. पुढचे पाय सरळ झाले की टॉवेलानं मागचं वजन हलकं करा. फक्त हलकं. मागचे पंजे जमिनीवरून सुटले तर तुम्ही जास्त ओढताय. पाय लटकले की तो ते वापरायचं सोडून देतो.

उभा राहिल्यावर मांड्या थरथरतात. थरथर कमी होईपर्यंत टॉवेल धरून ठेवा. त्यानंतर तो अंग झाडतो, डोक्यापासून शेपटीपर्यंत. टॉवेल नेमका तेव्हा सोडलेला असतो, आणि कुत्री नेमकी तेव्हा पडतात. अंग झाडून होऊ द्या, मग टॉवेल सैल करा आणि त्याच्या चालीनं मॅटवरून दारापर्यंत जा. राणीला आता हा क्रम पाठ आहे. पाय खाली घेतला की ती टॉवेलाकडे बघते.

चालताना पंजा उलटा पडत असेल, म्हणजे पंजाची वरची बाजू जमिनीला घासत असेल, तर ती नुसती सांधेदुखी नाही. नसांचं दुखणं असू शकतं, तपासून घ्या. आणि एखाद्या सकाळी मान एका बाजूला कलली, डोळे भिरभिरतायत, कुत्रा एकाच बाजूला कोलमडतोय असं दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा, पण लकवा झाला, आता संपलं असं धरून बसू नका. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा अचानक बिघडते. त्यातली बरीच काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत पुष्कळ सावरतात. त्या घाईत त्याला कायमचं झोपवायचा निर्णय कुणी घ्यायला लावला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

दिवसभराचं

पहाटेची लघवी दाराजवळच उरका. फिरायला ऊन वर आल्यावर न्या, आणि एका लांब फेरीऐवजी तीन छोट्या फेऱ्या मारा. आंघोळ महिन्यातून एकदा पुरते, भर दुपारी, कोमट पाण्यानं, अंग पूर्ण कोरडं करून.

आखूड केसांच्या आणि हडकलेल्या कुत्र्याला स्वेटर जरूर घाला, पण पोटावर बंद होणारा. डोक्यातून घालायचा स्वेटर घालताना दुखरे पुढचे पाय पिरगळले जातात. उन्हात बसवताना तो काढा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू माणसालाही मारतो.

खाणं आणि गोळ्या

जेवण कोमट करून द्या, वास सुटतो आणि तो खातो. पाणीही कोमट ठेवा, कारण गार पाणी ही कुत्री कमी पितात. फिरणं कमी झालं की वाढणंही थोडं कमी करा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, वजन वाढलं की सगळा भार त्याच सांध्यांवर येतो. थंडीचं म्हणून तूप ओतू नका, जास्त चरबीनं स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कांदा-लसणाचा रस्सा तर कधीच नाही.

आमच्या भागात हे मोठ्यानं सांगावं लागतं: द्राक्षं आणि मनुका कुत्र्याला विष आहेत. काही कुत्र्यांची मूत्रपिंडं थोडक्याच द्राक्षांनी निकामी होतात, आणि किती खाल्ली तर चालतील हे कुणालाच आधी सांगता येत नाही. द्राक्षांचा हंगाम सुरू होतो तेव्हा घरोघरी डिंकाचे लाडूही असतात. लाडवात मनुका घालत असाल तर डबा वरच्या फळीवर. पाहुण्यांनाही बजावा, कारण म्हाताऱ्या कुत्र्याची दया येऊन भरवणारे तेच असतात.

घरातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉलची गोळी अर्धी-पाव करूनही देऊ नका. पहिल्या दोघींनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं जातात, तिसरीनं यकृत. कुत्र्यासाठी मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन अशी औषधं आहेत, पण वजन बघून आणि मूत्रपिंड-यकृताची रक्ततपासणी करून डॉक्टरांनी लिहिलेली. गोळी जेवणाबरोबर द्या. उलट्या झाल्या किंवा शी काळी झाली की गोळी थांबवून फोन करा. मागच्या वर्षीची उरलेली पट्टी वापरू नका, वर्षभरात त्याची मूत्रपिंडं तीच राहिलेली नसतात. ही तपासणी नोव्हेंबरातच करून घेतली की डिसेंबरात धावपळ होत नाही.

हिरड्या पांढऱ्या पडल्या, किंवा पोट फुगलं आणि नुसते कोरडे उमासे येतायत, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा.

रात्री झिरोचा बल्ब चालू ठेवा. अंधारात त्याला नीट दिसत नाही, आणि काही म्हाताऱ्या कुत्र्यांना रात्री भ्रम होऊन ती घरभर येरझाऱ्या घालतात. निजण्याआधी एकदा बाहेर नेऊन आणा, पुन्हा टॉवेल घेऊनच.

होळीनंतर गोधडी आणि स्वेटर धुऊन ठेवून द्या. मॅट मात्र उचलू नका, फरशी उन्हाळ्यातही तितकीच गुळगुळीत असते.