वेबसाईट छान दिसते पण फोन येत नाहीत? या चुका टाळा

क्लायंटसाठी वेबसाईट बनवताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे एका क्लायंटचा लेआउट उचलून दुसऱ्याला चिकटवणं. मी हे केलंय. नौपाड्यातल्या एका दातांच्या दवाखान्यासाठी जे बनवलं तेच वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेशनवाल्या काकांना दिलं, वर हसऱ्या माणसांचा मोठा फोटो, खाली 'आमच्याविषयी' आणि अपॉइंटमेंटचं बटन. काका म्हणाले, "अरे बाळा, माझ्याकडे कंपनीचा परचेसवाला येतो, त्याला बघायचं असतं की किती एमएमचा पत्रा कापता आणि पत्रा वाकवायचा प्रेसब्रेक किती टनाचा आहे." मग फोटो काढला आणि पहिल्याच स्क्रीनवर मशीनची यादी, जाडी, माइल्ड स्टील (एमएस) की स्टेनलेस स्टील (एसएस) आणि चौकशीचा ईमेल टाकला.

तेव्हापासून काम घेताना रंग कुठला हवा हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, लोक फोनवर रोज काय विचारतात? आणि शक्य असेल तर मालकापेक्षा फोन उचलणाऱ्या ताईंना विचारा, त्यांना सगळं पाठ असतं: रविवारी चालू असता का, गाडी कुठे लावायची, लिफ्ट आहे का. वाशीच्या एपीएमसीतल्या आंब्याच्या व्यापाऱ्याला तर 'पेटी किती डझनाची' हाच प्रश्न येणार, तो तिसऱ्या पानावर लपवून काय उपयोग.

आता मराठी मजकूर, इथे फार गोंधळ होतो. डीटीपीवाल्याची फाईल पेस्ट केली आणि भलतीच अक्षरं आली तर समजा की ते जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेव फॉन्टमध्ये टाईप केलंय, युनिकोडमध्ये (म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखी दिसणारी अक्षरं) नाही. कन्व्हर्टरने बदला, पण रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांनी तपासाच. मजकुराची इमेज करून लावू नका प्लीज, ना कॉपी होतं ना स्क्रीन रीडर (अंध लोकांना मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचतो. शिरोरेषा मध्येमध्ये तुटतेय? इंग्रजी थीममध्ये हेडिंगला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जास्तीचं अंतर, दिलेलं असतं, ते शून्य करा. वेलांट्या वरच्या ओळीला टेकत असतील तर लाईन-हाईट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या १.६ पटीच्या आसपास न्या. आणि 'ल', 'श' हिंदी वळणाचे दिसत असतील तर पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी (lang="mr") सेट करा, नोटो सान्स देवनागरी या फॉन्टमध्ये आपल्या वळणाची अक्षरं आहेत, फक्त ब्राउझरला भाषा कळली पाहिजे.

फिकट राखाडी अक्षरं नकोत. साध्या मजकुराला कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५:१ लागतो, आणि दुपारी ठाणे स्टेशनबाहेर उन्हात फोन धरून बघा म्हणजे का ते कळेल.

नवी मुंबईचा पत्ता नुसता 'सेक्टर १५' लिहू नका, सेक्टर १५ वाशीतही आहे आणि बेलापूरलाही, दवाखान्याचा पेशंट चुकीच्या स्टेशनला उतरतो. नोडचं (वाशी, बेलापूर अशा भागाचं) नाव, प्लॉट नंबर, जवळची खूण, सगळं लिहा. फोन नंबर दाबल्यावर थेट लागला पाहिजे.

आणि चौकशीचा फॉर्म! चौकशा येतच नाहीत म्हणून क्लायंट नाराज असतो, बरेचदा त्या स्पॅममध्ये पडलेल्या असतात, कारण मेलच्या फ्रॉममध्ये (पाठवणाऱ्याच्या जागी) फॉर्म भरणाऱ्याचाच जीमेल घातलेला असतो आणि तुमचा सर्व्हर जीमेलच्या नावाने मेल पाठवतोय असं दिसतं. फ्रॉममध्ये साईटच्या डोमेनचा पत्ता ठेवा, भरणाऱ्याचा रिप्लाय-टूमध्ये (उत्तर जिथे जायला हवं तिथे), आणि मेल एसएमटीपीने, म्हणजे त्या पत्त्याच्या मेल खात्यात लॉगिन करून, पाठवा. मग क्लायंटसमोर बसून स्वतःच्या मोबाईलवरून एक चौकशी टाका आणि ती त्याच्या इनबॉक्समध्ये आलेली बघूनच उठा.