ओपन सोर्स प्रकल्प: लोकांना कधी बोलवायचं, रिलीज कसं करायचं

‘सगळं नीट झाल्यावरच दाखवू’ म्हटलं तर कुणालाच नको असलेल्या गोष्टी घासूनपुसून चकचकीत होत राहतात. ‘आधी लोक येऊ देत, मग बघू’ म्हटलं तर ज्याचा डेटा गेला तो पुन्हा फिरकत नाही. म्हणून आधी दोषांची वर्गवारी करा. डेटा जाणं, सुरक्षेला भगदाड पडणं आणि इन्स्टॉलच न होणं, यांपैकी काहीही असेल तर रिलीज थांबवायचं. ओबडधोबड स्क्रीन, मंद वेग, अपुरी फीचर्स चालतील, पण ती रीडमीत (प्रकल्पासोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) स्पष्ट लिहा. आधी सांगितलेली उणीव लोक समजून घेतात. अचानक पुढ्यात आलेली घेत नाहीत.

सर्वांत जास्त मेहनत पहिल्या दहा मिनिटांवर घ्या. नवा माणूस बहुतेक वेळा तिथेच गळतो. एक कोरा कंटेनर (तुमच्या मशीनपासून वेगळं, रिकामं वातावरण) उघडा, रीडमीतल्या कमांड्स जशाच्या तशा, एकेक करून चिकटवा. मनाने एक अक्षरही घालू नका. तुमच्या मशीनवर एखादी लायब्ररी कधीचीच बसलेली असते, एखादा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम वाचतात ती सिस्टिममधली सेटिंग) सेट असतो. त्यामुळे तुमच्याकडे सगळं चालतं आणि नवख्याकडे तिसऱ्याच कमांडला एरर येते. हीच तपासणी सीआयमध्ये (कोड बदलला की तपासण्या चालवणाऱ्या यंत्रणेत) टाका, म्हणजे प्रत्येक बदलानंतर ती आपोआप होईल.

आवृत्तीचा क्रमांक हे वचन असतं. सिमँटिक व्हर्जनिंग या क्रमांक देण्याच्या पद्धतीत 0 ने सुरू होणाऱ्या आवृत्तीत काहीही बदलू शकतं, 1.0.0 म्हणजे एपीआय (इतर प्रोग्रॅम तुमचा कोड ज्यातून वापरतात तो भाग) ठरला. लिनक्सवर चालणारं केडीई हे डेस्कटॉप घ्या. त्याचं 4.0 जानेवारी 2008 मध्ये आलं, तेव्हा ते रोजच्या वापरासाठी पुरतं तयार नव्हतं. पण 4.0 हा आकडा पाहून सामान्य वापरकर्त्यांनी पूर्ण डेस्कटॉपची अपेक्षा धरली आणि नाराजी ओढवली. कच्चं असेल तर आकड्यातूनच कळू द्या: अल्फा, बीटा, आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे जवळजवळ अंतिम).

रिलीजचं वेळापत्रक ठरवा. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) साधारण दोन आठवडे नवे बदल घेतात, मग दर आठवड्याला एक आरसी काढत सहा-सात आठवडे फक्त दुरुस्त्या होतात. लहान प्रकल्पाला सहा आठवड्यांचं चक्र पुरतं: पाच आठवडे काम, शेवटचा आठवडा फक्त बग. फीचर तयार नसेल तर ते पुढच्या गाडीने जाईल. पुढची गाडी जवळ असली की अर्धवट काम घुसवण्याचा मोह होत नाही. वर्षाला एकच रिलीज असेल तर हमखास होतो.

बग आला की दुरुस्तीआधी तो पकडणारी टेस्ट लिहा. काल चालणारं आज बिघडलं असेल तर ‘गिट बायसेक्ट’ (बदलांची यादी निम्मी-निम्मी करत दोष शोधणारी गिटची कमांड) वापरा. हजार कमिट्समधून (नोंदवलेल्या बदलांतून) दोषी कमिट साधारण दहा तपासण्यांत सापडतो. त्यासाठी कमिट्स लहान हवेत आणि प्रत्येक कमिट बिल्ड व्हायला हवा, नाहीतर शोध मध्येच अडकतो.

प्रचार किती करायचा, हे तुमच्या उत्तर देण्याच्या क्षमतेवर ठरवा. नव्या इश्यूला (प्रकल्पाच्या पानावर नोंदवलेल्या तक्रारीला किंवा सूचनेला) दोन दिवसांत निदान पोच द्या. अनुत्तरित इश्यू साचू लागले की नव्या घोषणा थांबवा. इश्यूच्या नमुन्यात तीनच गोष्टी विचारा: आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, बग दिसेपर्यंतच्या पायऱ्या. लांबलचक फॉर्म पाहून चांगले रिपोर्टर निघून जातात. प्रकल्पाच्या पानावर लोक पसंती म्हणून देतात ते स्टार्स मोजत बसू नका, डाउनलोडचे आकडेही सीआयमुळे फुगतात. पहिला इश्यू टाकणारा दुसरा टाकायला परत आला का, हे बघा.

जुनं काही काढायचं असेल तर आधीच्या एका तरी रिलीजमध्ये इशारा द्या आणि त्या इशाऱ्यातच पर्यायाचं नाव लिहा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं पायथन 3 डिसेंबर 2008 मध्ये आलं, तरी पायथन 2 चा आधार 1 जानेवारी 2020 पर्यंत चालू ठेवावा लागला, कारण लोकांचा चालू कोड एका रात्रीत हलत नाही.