महागडं शाईपेन: देवनागरी लिहिणाऱ्यांसाठी निवड, वापर आणि देखभाल

पाचशे रुपयांचं शाईपेन घ्या किंवा पन्नास हजारांचं, कागदाला टेकतो तो निबच्या टोकाशी जोडलेला कठीण मिश्रधातूचा इवलासा गोळा. सोनं मऊ असल्यामुळे 14 किंवा 18 कॅरेटच्या निबलाही तो लावावाच लागतो, नाहीतर टोक लवकर झिजेल. जास्तीचे पैसे जातात ते सोन्याला, हातकामाला, पिस्टनच्या (पेनातच शाई ओढून घेणाऱ्या) यंत्रणेला आणि नावाला. अक्षर कसं येईल हे त्या गोळ्याची घडण आणि निबमधली फट यांवर ठरतं, आणि महाग पेनांतही या दोन गोष्टी बिघडलेल्या सापडतात. म्हणून आधी निब, मग बाकीचं.

निब किती जाड घ्यावी

इंग्रजीत लिहिलेली परीक्षणं वाचून मराठी लिहिणाऱ्याने निब निवडली की बहुतेक वेळा ती जाड निघते. रोमन अक्षरांची पोटं मोकळी असतात. आपल्याकडे ज्ञ, क्ष, छ, द्ध, ष्ट्य यांच्या आतल्या जागा आधीच चिंचोळ्या, त्यात वर वेलांटी, रफार, अनुस्वार. 8 मिमी ओळींच्या वहीत युरोपियन एम (मध्यम) निबने ‘वैशिष्ट्य’ लिहून पाहा, ष्ट्य काळा ठिपका होऊन बसतो.

जपानी निब (पायलट, सेलर, प्लॅटिनम) त्याच अक्षराच्या युरोपियन निबपेक्षा साधारण एक पायरी बारीक असते. जपानी एम म्हणजे ढोबळमानाने युरोपियन एफ (बारीक). रोजच्या मराठी लेखनाला जपानी एफ किंवा एम, माँ ब्लाँ किंवा पेलिकन घेत असाल तर ईएफ (अतिबारीक) किंवा एफ. पेलिकनच्या सोन्याच्या निब शाई सढळ हाताने सोडतात, तिथे ईएफ घेतली तरी रेघ भरदार येते. 1.1 मिमीची स्टब (चपट्या टोकाची) निब सहीला आणि शीर्षकाला छान, पानभर मजकुराला नाही. निब दाबली की फाकणारी फ्लेक्स निबही देवनागरीत फारशी कामाची नाही, कारण ती उभी रेघ फुगवते आणि आडवी तशीच ठेवते. शिरोरेषेला तिचा उपयोग शून्य.

दुकानात काय तपासायचं

जवळ 10 पट भिंग आणि स्वतःच्या वहीचे दोन-चार कागद ठेवा. दुकानातला जाड, गुळगुळीत कागद कुठल्याही निबला चांगलं ठरवतो. शाई न भरता निब नुसती बुडवून पाहायची परवानगी मागा. चांगले दुकानदार देतात.

भिंगातून निब आधी वरून पाहा. दोन पात्यांमधली फट वरच्या भोकापाशी थोडी रुंद आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली हवी. मग टोक स्वतःकडे वळवून समोरून पाहा: दोन्ही पाती एकाच उंचीवर आहेत का? केसभर फरक असला तरी लिहिताना कळतो.

आता पेनावर अजिबात जोर न देता 10 सेंमीची शिरोरेषा ओढा, डावीकडून उजवीकडे. मग उलट दिशेने. नुसत्या उभ्या रेघांत लपलेला दोष इथे उघडा पडतो. डावीकडून उजवीकडे जाताना निब खरवडत असेल आणि उलट जाताना नसेल, तर बहुधा डावं पातं खाली आलेलं असतं. उलट असेल तर उजवं. कारण सरळ आहे: खाली आलेल्या पात्याची फटीकडची धारदार कड कागदात रुतते. मराठी लिहिणाऱ्याला हे सगळ्यात जास्त जाचतं, कारण प्रत्येक शब्दावर हाच हात फिरतो.

दुसरी परीक्षा: टोपण काढून अर्धा मिनिट थांबा आणि लिहायला लागा. पहिली रेघ कोरी गेली, जरा दाबल्यावर शाई आली, आणि हे प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला होत असेल, तर टोकाचा गोळा फटीपाशी जास्त गोलावलेला आहे. शाई फटीत येते पण कागदापर्यंत पोचत नाही. अशा निब हाताला लोण्यासारख्या लागतात, म्हणूनच लोक फसतात.

नव्या पेनात यांतलं काही सापडलं तर घरी घासत बसू नका, बदलून मागा. काही कंपन्या ठरावीक मुदतीत निबची जाडीही बदलून देतात. ती मुदत बिल करतानाच विचारून ठेवा. वॉरंटी संपलेल्या पेनावर, वर आलेलं पातं नखाने हळूच खाली दाबून पात्यांची उंची जुळवता येते. प्रत्येक दाबानंतर भिंगातून पाहायचं. घासायचं असेलच तर 12000 ग्रिटच्या मायक्रोमेशवर (अगदी बारीक पॉलिशपट्टीवर) जोर न देता इंग्रजी 8 चे पाच-सहा आकडे काढा आणि थांबा. गेलेला धातू परत येत नाही.

कोणतं पेन

पहिलं सोन्याच्या निबचं पेन म्हणून प्लॅटिनम 3776 सेंच्युरी किंवा पायलट कस्टम 74 घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. 3776 ही फुजी पर्वताची मीटरमधली उंची. या प्लॅटिनमच्या टोपणातल्या स्प्रिंगवरच्या आतल्या टोपीमुळे निब महिनोन् महिने सुकत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात हे फार मोलाचं. ही दोन्ही पेनं कार्ट्रिज (शाईची तयार नळी) किंवा कन्व्हर्टरवर (पुन्हा भरता येणारी काढती नळी) चालतात, त्यामुळे धुवायला सोपी. कन्व्हर्टरमध्ये साधारण 0.5 ते 1 मिली शाई बसते.

त्यापुढे पिस्टनची पेनं. पेलिकन एम 800 ची निब फीडसकट (निबखालच्या, शाई पोचवणाऱ्या भागासकट) फिरवून बाहेर काढता येते, त्यामुळे देखभालीत त्याला तोड नाही. 1966 पासून बनणारं लॅमी 2000 दिसायला साधं आणि किमतीला रास्त, पण त्याची निब ठरावीक कोनातच नीट चालते; पेन बोटांत फिरवायची सवय असेल तर ते नको. माँ ब्लाँ 149 हे 1952 पासूनचं. निबवरचा 4810 हा आकडा माँ ब्लाँ शिखराची पूर्वापार मानलेली मीटरमधली उंची. पेन जाडजूड आहे. हात लहान असेल तर 146 बघा.

पायलट कस्टम 823 घेणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची: पान-दोन पानं लिहून झाली की शाई बंद. पेन बिघडलेलं नसतं. त्याच्या टाकीच्या निबकडच्या टोकाला शाई अडवणारी झडप आहे. सलग लिहायचं असेल तर मागची घुंडी 2-3 मिमी सैल करायची, लिहून झालं की आवळायची.

शाई आणि भरणं

नवं पेन आधी धुवा, आत कारखान्यातलं तेल असू शकतं. कपभर साध्या पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब, चार-पाच वेळा भरून सोडा, मग नुसत्या पाण्याने खळखळून.

पहिली शाई म्हणून पेलिकन 4001 रॉयल ब्लू, पायलट इरोशिझुकू किंवा आपली कॅम्लिनची रॉयल ब्लूसुद्धा चालते. चित्रकलेची इंडिया इंक कधीच नाही. तिच्यातली लाख फीडच्या बारीक खाचांत बसली की पेन गेलंच म्हणा. चमकीची शाई पिस्टनच्या महाग पेनात घालू नये. पाण्याने न पुसणारी लोहयुक्त किंवा पिगमेंट शाई वापरायची तर दर दोन-तीन आठवड्यांनी धुवायची तयारी ठेवा.

पिस्टन पूर्ण खाली आणा. निब तिच्या भोकाच्या वर, पकडीच्या कडेपर्यंत शाईत बुडवा. पिस्टन वर घ्या, पुन्हा खाली करून बुडबुडे काढा, पुन्हा भरा. बाटलीबाहेर काढून दोन-तीन थेंब परत सोडा, निब वर करून पिस्टन पूर्ण बंद करा. हे थेंब न सोडल्यास फीड तुडुंब राहतं आणि पहिल्या ओळीवर डाग पडतो.

लिहिताना

बॉलपेनची सवय मोडावी लागते. पेन कागदाशी साधारण 45 ते 55 अंशांत, निबवरची नक्षी आकाशाकडे, आणि जोर फक्त पेनाच्या वजनाचा. दाबून लिहिल्यास पाती फाकतात, फट रुंद होते आणि शाई टोकापर्यंत टिकत नाही. 149 सारख्या जड पेनाला मागे टोपण लावू नका, तोल मागे जातो.

शब्द पूर्ण करून वर एकदम शिरोरेषा ओढणाऱ्यांना ओल्या निबचा त्रास होतो. दंडांची वरची टोकं अजून ओली असतात, निब त्यांतून जाते आणि प्रत्येक सांध्यावर शाई पसरते. उपाय तीन: कोरड्या वाहाणीची शाई (पेलिकन 4001 अशीच आहे), एक पायरी बारीक निब, किंवा अक्षरागणिक रेघ ओढणं. आपल्या वहीवर शाई किती वेळात सुकते हे मोजून ठेवा: पाच रेघा ओढून 5, 10, 15, 20, 30 सेकंदांनी एकेकीवर बोट फिरवायचं.

साध्या 70-75 जीएसएम कॉपियर कागदावर शाई तंतू फुटल्यासारखी पसरते. 90 ते 100 जीएसएमचा गुळगुळीत कागद बरा. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, चांगला कागदही दमट होऊन शाई पसरवतो. वह्या बंद पिशवीत ठेवा.

धुणं

शाई बदलताना धुवायचंच, एरवी चार ते सहा आठवड्यांनी. साधं पाणी, 10-15 वेळा भरून सोडणं, पाणी स्वच्छ येईस्तोवर. मग निब खाली करून टिश्यूवर रात्रभर उभं ठेवा. गरम पाणी नको, स्पिरिट तर मुळीच नको; त्याने रेझिन आणि सेल्युलॉइड या प्लास्टिकांना तडे जातात. एबोनाइट (कडक रबर), लाकूड, माकी-ए (जपानी लाखकाम) यांची पेनं पाण्यात बुडवून ठेवायची नाहीत. एबोनाइट पाण्याने आणि उन्हाने हिरवट-तपकिरी पडतं.

पिस्टन जड फिरू लागला तर निब काढून, काडीच्या टोकावर येईल इतकं शुद्ध सिलिकॉन ग्रीस आतल्या भिंतीला लावा. व्हॅसलिन लावू नका.

जुनी पेनं

पार्कर 51 (1941 पासून) ही जुन्या पेनांतली सुरक्षित सुरुवात. 1948 नंतरच्या, आत दांडी दाबून शाई भरायच्या एरोमेट्रिक प्रकारातली पिशवी अजूनही बहुधा शाबूत असते. याउलट लिव्हरच्या (बाजूची दांडी उचलून शाई भरायच्या) पेनांतली रबरी पिशवी कडक किंवा चिकट झालेली असणार हे धरूनच भाव करा. लिव्हर जबरदस्तीने उचलू नका, आतली पट्टी तुटते.

नकली 149 आणि 146 बाजारात ढिगाने आहेत. ही दोन्ही पिस्टनची पेनं. बॅरल उघडून आत कन्व्हर्टर दिसला की पेन तिथेच खाली ठेवा. क्लिपच्या कड्यावरचा क्रमांक नकली पेनांवरही असतो, त्यावर विसंबू नका.

ठेवणं

शाई भरलेली पेनं निब वर करून. सेल्युलॉइडची पेनं हवाबंद डब्यात नाहीत, आणि रबरी पिशवीच्या पेनांशेजारीही नाहीत. रबरातल्या गंधकाने फिकट सेल्युलॉइड काळवंडतं. चांदीच्या पेनांना रबर बँड लावू नका, कारण तेच. विमानात नेताना टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी, निब वर.

एका वेळी तीन-चारच पेनांत शाई ठेवा. एका वहीत प्रत्येक पेनाचं मॉडेल, निब, किंमत, शेवटची शाई आणि ती भरल्याची तारीख लिहा. सहा आठवडे उलटलेलं पेन दिसलं की धुवायला काढा.