पाळीचं दुखणं डॉक्टरांनी मनावर घ्यावं म्हणून काय करावं

"लग्न झालं की थांबेल." लग्न झालेलं असेल तर, "एक मूल होऊ दे, आपोआप कमी होतं." मुलंही झालेली असतील तर, "आता काय करायचीय ठेवून? पिशवी काढून टाकू." दुखणाऱ्या ओटीपोटाला आपल्याकडे मिळणारी ही तीन उत्तरं. पहिल्या दोनांत दुखणं उडवून लावलंय, तिसऱ्यात अवयवच उडवलाय, आणि दुखतंय कशानं हे तिन्हींत नाही. डॉक्टर कारण शोधू लागले, आणि ते लगेच सापडलं नाही तर पुढे काय करायचं, कधी करायचं हे सांगू लागले, की दुखणं मनावर घेतलं असं समजावं. त्यांना तिथपर्यंत आणायला रुग्णाच्या बाजूने बरंच काही करता येतं. ते करावं लागू नये हे खरं, पण ओपीडीबाहेर पन्नास बायका बसलेल्या असतात आणि आपल्या वाट्याला चार-पाच मिनिटं येतात, हेही खरं.

आधी घाईची दुखणी वेगळी काढा

काही दुखणी वहीत लिहीत बसायची नसतात. पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोराची कळ, चक्कर, खांद्यात दुखणं: गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. अचानक एका बाजूला असह्य दुखून उलट्या: अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. ताप, ओटीपोटात ठणका आणि घाण वासाचं पाणी जाणं: आत जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा अंगावर गेलं, तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात दाखवा.

'खूप दुखतं' ऐवजी खाडे सांगा

"खूप दुखतं" हे वाक्य डॉक्टर दिवसभर ऐकत असतात. त्यातून त्यांच्या हाती काही लागत नाही, आणि बाई शांत, नीटनेटकी बसलेली दिसली की ते वाक्य आणखी हलकं होतं. आपल्याकडे तर दुखणं अंगावर काढण्याचं कौतुक असतं. कळा सोसत स्वयंपाक केला, डबे भरले, मग दवाखान्यात आली. डॉक्टरांना दिसतं ते एवढंच की ही चालत आली.

म्हणून खाडे मोजा. कॉलेजचे, ऑफिसचे, शेतातले. घरकामाचा खाडा कोणी धरत नाही, तुम्ही धरा: पोळ्या लाटताना खाली बसावं लागलं, मुलाला उचलता आलं नाही, रात्री दोनदा उठून पिशवीत गरम पाणी भरावं लागलं. वही साधी असू द्या. अशी:

"१४ तारीख. पाळी अजून आली नाही. उजवीकडे खाली ओढ, कंबरेतून मांडीपर्यंत. शौचाला बसताना सुरी फिरल्यासारखं. ११ वाजता गोळी, ३ वाजता परत सुरू. अर्ध्या दिवसाची रजा."

"१५ तारीख. पाळी आली. दर दीड तासाने पॅड. दहाच्या नाण्याहून मोठ्या गाठी. उभं राहवेना. पूर्ण खाडा."

तारीख, पाळीचा कितवा दिवस, कुठे आणि कसं दुखलं, गोळीचा परिणाम किती वेळ टिकला आणि काय अडलं. एवढ्या पाच गोष्टी तीन पाळ्यांपर्यंत लिहा. दुखणं फारच असेल तर तीन महिने थांबू नका, एका पाळीची वहीसुद्धा चालते. दुखण्याचा प्रकार आपल्याच शब्दांत लिहा. कळ येते, ठणकतं, चमक निघते, आग होते, मुरडा येतो, की खाली काही ओढल्यासारखं जड वाटतं, यातला फरक मराठी कळणाऱ्या डॉक्टरला बरंच सांगून जातो.

नेहमीची कळ आणि तपासायला हवं ते दुखणं यांतला फरकही याच वहीतून निघतो. पाळीत गर्भाशयाचं अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांनी गर्भाशय आवळतं आणि पोटात कळा येतात. अशी कळ बहुधा पाळीबरोबर सुरू होते, एक ते तीन दिवसांत ओसरते आणि गोळीने, शेकाने आटोक्यात येते. तुमचं दुखणं पाळीच्या आधीच सुरू होत असेल, वर्षागणिक वाढत असेल, शौचाला-लघवीला किंवा संबंधाच्या वेळी होत असेल, पाळी नसतानाही राहत असेल, किंवा गोळीला दाद देत नसेल, तर "सगळ्यांनाच होतं" हे उत्तर तुम्हाला लागू नाही.

एक पान, एक प्रश्न

पूर्ण वही डॉक्टर वाचणार नाहीत. तिचा अर्क एका पानावर काढा. वर शेवटच्या पाळीची पहिली तारीख, कारण पहिला प्रश्न तोच येतो. खाली आजवर घेतलेली औषधं, झालेल्या तपासण्या, ऑपरेशनं, आई-बहिणीला असा त्रास असल्यास तोही. मग खुर्चीत बसल्या बसल्या एका दमात सांगा:

"डॉक्टर, दोन वर्षांपासून पाळीच्या आधी दोन दिवस आणि पाळीत चार दिवस ओटीपोटात आणि शौचाच्या जागी दुखतं. गेल्या तीन महिन्यांत नऊ खाडे झाले. गोळीने चार तास बरं वाटतं. हे एंडोमेट्रिओसिस किंवा ॲडिनोमायोसिस असू शकेल का, की दुसरं काही?"

(एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते, ॲडिनोमायोसिसमध्ये गर्भाशयाच्या स्नायूंच्या भिंतीत.) आजाराचं नाव घेतलं की काही डॉक्टर चिडतात: "गुगल करून आलात?" तरी घ्यावं, पण प्रश्न म्हणून. "मला हे झालंय" म्हटलं की वाद होतो. "असू शकेल का" म्हटलं की उत्तर द्यावं लागतं. आणि नाही म्हणाले, तर पुढचा प्रश्न तितक्याच शांतपणे: "कशावरून नाही म्हणता येईल?"

सोबत कोणाला न्यायचं

सोबत जाणारं माणूस आधी शिकवून ठेवा. डॉक्टर विचारतात बाईला आणि उत्तर देते सासू: "हिला जरा सहनच होत नाही." नवरा असेल तर तो मूल कधी होणार यावर गाडी नेतो. सोबत्याचं काम दोनच: डॉक्टर सांगतील ते लिहून घ्यायचं आणि तुमच्याकडून काही राहिलं तर आठवण करायची. अविवाहित मुलीबरोबर आई असेल, तर दोन मिनिटं एकटीने बोलायचंय असं मुलीने सिस्टरांनाच आधी सांगून ठेवावं.

कारण "लग्न झालंय का?" या प्रश्नाचा अर्थ दवाखान्यात बहुतेकदा "शरीरसंबंध आलेत का?" असा असतो. खरं उत्तर महत्त्वाचं आहे. गर्भधारणा, संसर्ग यांच्या शक्यता त्यावर ठरतात आणि सोनोग्राफी कशी करायची तेही. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशय आणि अंडाशय जवळून दिसतात. संबंध न आलेल्या मुलींची सोनोग्राफी सहसा भरल्या लघवीवर, पोटावरून करतात, तिच्यात बारकावे कमी दिसतात. गरज पडली तर गुदमार्गातून सोनोग्राफी किंवा एमआरआय असे पर्याय असतात. लग्न झालेलं नाही एवढ्यावरून तपास थांबवायचं कारण नाही.

तपासणी करणारे डॉक्टर पुरुष असतील तर दुसरी स्त्री हजर हवी. रुग्णहक्कांच्या सनदेत तसं स्पष्ट आहे. तपासताना दुखलं तर दात खाऊन पडून राहू नका. नेमकं कुठे दुखलं ते त्या क्षणी सांगा, डॉक्टरसाठी तीच खूण असते. सहन होत नसेल तर "थांबा" म्हणा.

"रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणाले तर

बहुतेक जणींची वाट इथेच अडते. सोनोग्राफी नॉर्मल आली, म्हणजे दुखणं मनाचं, असा हिशेब डॉक्टर करतात आणि घरचेही. सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे सोनोग्राफीला जे दिसू शकतं त्यातलं काही दिसलं नाही, इतकंच. फायब्रॉइडच्या गाठी, अंडाशयातली चॉकलेट सिस्ट (एंडोमेट्रिओसिसमुळे होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) बहुधा दिसते. पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरलेले एंडोमेट्रिओसिसचे बारीक ठिपके दिसत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटी मुली आणि स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शिका डॉक्टरांना बजावते की तपासणी, सोनोग्राफी किंवा एमआरआय नॉर्मल आला म्हणून एंडोमेट्रिओसिस नाही असं ठरवू नका. मानवी प्रजननशास्त्राच्या युरोपीय संघटनेने २०२२ मध्ये आणखी एक गोष्ट सांगितली: निदानासाठी आधी दुर्बिणीचं ऑपरेशनच व्हायला हवं असं नाही. लक्षणांवरून संशय असेल तर औषध सुरू करता येतं. तपासण्यांत काही न दिसल्यास किंवा औषधांनी गुण न आल्यास दुर्बिणीचा विचार करावा. अंडाशयाच्या कॅन्सरचा संशय असताना करतात ती सीए-१२५ ही रक्ततपासणी मात्र या निदानासाठी धरू नये, असं तीच संघटना सांगते. इतर कितीतरी कारणांनी हा आकडा वाढतो आणि घरात कॅन्सरची रडारड सुरू होते.

एंडोमेट्रिओसिस हे एकच कारण नाही. ॲडिनोमायोसिस, जुना जंतुसंसर्ग, आतडी किंवा मूत्राशयाचा विकार, ओटीपोटाच्या तळाचे आखडलेले स्नायू, यांतलं काहीही असू शकतं. आपल्या देशात जननमार्गाचा क्षयरोग विसरून चालत नाही. त्यात खोकला असेलच असं नाही. पाळी कमी होणं, दिवस न राहणं आणि ओटीपोटातलं दुखणं एवढंच दिसू शकतं. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

तर रिपोर्ट हातात घेऊन विचारायचे प्रश्न: "यात कोणत्या गोष्टी दिसत नाहीत? पुढची तपासणी कोणती? आता दिलेल्या औषधाने फरक पडला नाही, तर किती दिवसांनी येऊ आणि तेव्हा काय करणार?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर केसपेपरवर लिहून मागा. "पिशवीला सूज आहे" असं मोघम सांगितलं, तर सूज कशाने आली, हेही विचारा. हे वाक्य इतक्या वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरलं जातं की त्यावरून काहीच ठरत नाही.

गोळ्यांचं थोडक्यात

मेफेनॅमिक ॲसिडची गोळी घरोघरी असते. भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस तिच्या एका दुर्मीळ पण गंभीर ॲलर्जीबद्दल इशारा दिला होता: ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं. असं झालं तर गोळी बंद आणि डॉक्टर. महिन्याला पट्ट्यांच्या पट्ट्या संपत असतील तर तो आकडा तुमच्या पानावर लिहा, तोही पुरावाच आहे. संप्रेरकाच्या गोळ्या दिल्या की आया घाबरतात, "पुढे मूल होणार नाही". तसं होत नाही. पण तुम्हाला मायग्रेन, रक्तदाब, रक्तात गुठळी झाल्याचा इतिहास असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा.

पिशवी काढायला सांगितली तर

इथे पाय घट्ट रोवा. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. फडात खाडा झाला की मुकादम दंड कापतो. पाळीचं दुखणं, पांढरं जाणं घेऊन बाई दवाखान्यात गेली की कॅन्सरची भीती घालून गर्भाशय काढायचं. जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं आरोग्यमंत्र्यांनी जून २०१९ मध्ये विधान परिषदेत सांगितलं. अनावश्यक गर्भाशय काढण्याविरुद्धच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी लागू कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला.

काही जणींना ही शस्त्रक्रिया खरोखर लागते आणि तिने सुटका होते. पण आधी विचारा: नेमकं निदान काय? औषधं, तांबीसारखी बसवायची संप्रेरकाची कॉइल, फक्त गाठ काढणं, यांतलं काय करून पाहिलं आणि का चाललं नाही? अंडाशय ठेवणार की काढणार? दोन्ही अंडाशय काढले की पाळी एका झटक्यात जाते आणि हाडं, हृदय यांवर त्याचा भार पडतो. आणि एंडोमेट्रिओसिस गर्भाशयाबाहेर असेल, तर पिशवी काढूनही दुखणं राहू शकतं. कॅन्सर म्हणत असतील तर तुकड्याच्या तपासणीचा (बायॉप्सीचा) रिपोर्ट दाखवा म्हणा.

संमतीपत्र पूर्ण वाचल्याशिवाय सही नको. दिल्लीत दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिलेल्या ४४ वर्षांच्या अविवाहित स्त्रीचं गर्भाशय आणि अंडाशय, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन काढले गेले. आजार होता एंडोमेट्रिओसिसच. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की तपासणीची संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे, आणि सज्ञान बाईच्या वतीने आईची सही चालत नाही. नवऱ्याचीही चालत नाही. दुर्बिणीला जाताना हवं तर फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहा: "माझ्याशी बोलल्याशिवाय गर्भाशय किंवा अंडाशय काढू नये."

डॉक्टर बदलायचे असतील तर

दोन-तीन भेटींनंतरही कारण नाही, पुढची योजना नाही आणि वर "डोक्यातून काढून टाका" असा सल्ला, तर बदला. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला स्त्रीरोग विभाग किंवा एंडोमेट्रिओसिसच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया नेहमी करणारे डॉक्टर शोधा. प्रसूतीसाठी नावाजलेले डॉक्टर या दुखण्यातही तरबेज असतीलच असं नाही. नव्या ठिकाणी आधीच्या डॉक्टरांची उणीदुणी काढत बसू नका, त्यात तुमची चार मिनिटं जातात.

जुनी कागदपत्रं मात्र हवीत. दुर्बिणीचं ऑपरेशन झालेलं असेल तर त्याच्या नोंदी, फोटो, तुकड्याचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षंच जपून ठेवायचं बंधन असतं, म्हणून उशीर करू नका. काउंटरवर "साहेब नाहीत, नंतर या" म्हणतील. तोंडी मागत बसू नका. दोन प्रतींत अर्ज करा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसकट पोच घ्या, ७२ तास तिथून मोजायचे.